‘नो सिग्नल’ म्हणजे नेमकं कुठे बिघडलं?

भोर-वेल्ह्याकडे पावसाळ्यात टीव्ही गेला की पहिला दोष डोंगराला देतात. त्यामागे जुना अनुभव आहे. १९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हापासून छपरावरचा अँटेना सिंहगडाकडे फिरवायची सवय लागली. मध्ये डोंगराची सोंड आली की पडद्यावर मुंग्या यायच्या. कड्यावर आपटून आलेल्या लहरींमुळे एका माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या.

आता गोष्ट बदलली आहे. डीडी फ्री डिशचंच उदाहरण घ्या. त्याचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. इतक्या उंचीवर बघणाऱ्या डिशला डोंगर सहसा आडवा येत नाही. आडवी येते ती अंगणातल्या आंब्या-फणसाची फांदी, पावसात पानं फुटून वाढलेली!

मग दोष शोधायचा कसा? सिग्नलची वाट डोळ्यांपुढे आणू: डिश, तिच्यासमोरचा एलएनबी, केबल, सेट टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने होम थिएटरचा रिसीव्हर आणि शेवटी टीव्ही. ही वाट मधोमध तोडून पाहायची. रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू बॉक्स स्वतः तयार करतो, त्याला डिश लागत नाही. मेनू स्वच्छ दिसला, तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वाट ठीक आहे, दोष छपराच्या बाजूला. मेनूच दिसत नसेल आणि टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणत असेल, तर छपरावर चढायचं कारणच नाही.

छपराची बाजू आधी घेऊ. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. डिजिटल चित्र आधी तग धरतं, मग एकदम चौकोन पडून जातं. पाऊस ओसरल्यावर आलं, तर बिघाड नाही, थांबायचं. उघडीप मिळूनही आलं नाही, तर फांदी, हललेली डिश किंवा केबलच्या टोकात शिरलेलं पाणी पाहायचं. काहीच चॅनेल गेले असतील, तर तीही खूण आहे. बॉक्स केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून एलएनबी उभ्या किंवा आडव्या लहरी निवडतो. गंजलेल्या जोडात व्होल्टेज पडलं, की आडव्या लहरींवरचे चॅनेल जातात.

आता घराची बाजू. टीव्हीचा इनपुट बरोबर आहे ना, ते बघा. मग रिसीव्हर वगळून बॉक्स थेट टीव्हीला जोडा. चित्र आलं, तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. सगळं बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स असं सुरू करा. ही यंत्रं कॉपी-संरक्षणासाठी एकमेकांची ओळख पटवतात, ती कधी अर्धवट राहते. चित्रात ठिणग्या दिसत असतील, तर रिझोल्यूशन ४के वरून १०८० वर आणा. चित्र टिकलं, तर ती केबल ४के पेलत नाही असं समजा.

एक पथ्य पाळू: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन बदलल्या, तर टीव्ही सुरू होईलही, पण दोष कुठे होता ते कळणार नाही.

आणि शेवाळलेल्या कौलांवर, ओल्या पत्र्यावर चढू नका. विजा सुरू होण्याआधीच प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढा. कारागीर वेल्ह्याच्या आतल्या वाडीवर भर पावसात यायचा, तर त्याचा दिवस मोडतो, आपले पैसे जातात. फोनवर नुसतं “टीव्ही बंद आहे” म्हणण्याऐवजी “मेनू दिसतोय, पाऊस थांबलाय, अर्धेच चॅनेल येतात” एवढं सांगता आलं, तर तो बरोबर सामान घेऊन येईल. खेप एकच होईल.