स्पॅनिशमध्ये 'जाऊ नकोस' म्हणायला गेलात आणि 'त्याला दिसत नाही' म्हणून बसलात!

मोबाईलवर ॲप टाकून स्पॅनिश शिकणाऱ्यांची गाडी सुरुवातीला सुसाट असते. 'जा' म्हणजे 'बे', 'सांग' म्हणजे 'दी', 'ये' म्हणजे 'बेन'. नकारासाठी 'नो' आहेच. मग 'जाऊ नकोस' म्हणजे 'नो बे', झालं!

इथंच घोळ होतो. 'नो बे'चा अर्थ 'त्याला दिसत नाही'. 'नो दी' म्हणजे 'मी दिलं नाही'. सगळ्यात गंमत 'से'ची. 'से' म्हणजे 'हो' (शहाणा हो, मधला). पण 'नो से' म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं, 'मला माहीत नाही'.

योग्य रूपं आहेत नो बायास, नो दिगास, नो बेंगास आणि नो सेआस.

एवढा फरक कशामुळे? 'तू' म्हणून एखाद्याला 'करू नकोस' सांगण्यासाठी स्पॅनिशकडे आज्ञेचं वेगळं रूपच नाही. तिथं इच्छा, शंका व्यक्त करणारं रूप वापरतात. लॅटिनमध्येही नकारासाठी अशा रूपांचा वापर होता. 'दी', 'बेन' हे मात्र जुन्या लॅटिन आज्ञांचे झिजून उरलेले तुकडे. रोज तोंडात असणारे शब्द झिजणारच.

आता हे रूप बनवायचं कसं? क्रियापदाचं 'मी'चं रूप घ्या. 'मी सांगतो' म्हणजे 'दिगो'. शेवटचा 'ओ' काढा, 'आस' जोडा, झालं 'दिगास'. 'बेंगो'वरून बेंगास, 'साल्गो'वरून साल्गास (बाहेर जाऊ नकोस), 'पोंगो'वरून पोंगास (ठेवू नकोस). मूळ क्रियापद 'आर'नं संपत असेल तर 'आस'ऐवजी 'एस' लागतो. 'पेन्सार' म्हणजे विचार करणे, 'मी'चं रूप पिएन्सो, म्हणून नो पिएन्सेस. म्हणजे अनियमित म्हणून बदनाम असलेली बहुतेक क्रियापदं इथं नियमानंच वागतात.

ज्यांचं 'मी'चं रूप 'ओ'नं संपत नाही, ती मात्र पाठच करावी लागतात. सोयचं सेआस, बोयचं बायास, दोयचं देस, एस्तोयचं एस्तेस आणि 'मला माहीत आहे'वाल्या 'से'चं सेपास.

समोरच्याला 'तुम्ही' म्हणत असाल, तर ही कटकट बरीच कमी होते. 'जा' म्हणजे 'बाया' आणि 'जाऊ नका' म्हणजे 'नो बाया'. फक्त 'नो' लावायचं.

'मला', 'ते' असे छोटे शब्दही नकारात जागा बदलतात. 'दीमेलो' म्हणजे 'मला ते सांग', सगळं एकाच शब्दात. 'सांगू नकोस' म्हणताना ते सुटे होऊन पुढे येतात, 'नो मे लो दिगास'.

यातलाच 'लो' काढून टाकलेला 'नो मे दिगास!' हा उद्गार स्पॅनिश गप्पांमध्ये सतत कानावर पडतो. शब्दशः अर्थ 'मला सांगू नकोस', पण बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, 'काय सांगतोस!' तेव्हा कुणी असं म्हटलं, तर गप्प बसू नका. त्याला पुढचं ऐकायचंय.