नाजूक फुप्फुसांचे अनोळखी शत्रू

रक्ताच्या कर्करोगावरील औषधे रोगट पेशींबरोबरच शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही नाश करतात. अवयवरोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, एचआयव्हीचा संसर्ग किंवा जन्मजात दोष यांमुळेही बालकाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा बालकाला नेहमीच्या जंतूंमुळे न्यूमोनिया होतोच. शिवाय घरातील इतरांना ज्यांचा उपद्रव जाणवतही नाही, असे सूक्ष्मजीवही त्याच्या फुप्फुसांत बळावतात.

न्यूमोसिस्टिस ही त्यांपैकी एक बुरशी. बहुतेक मुलांचा तिच्याशी लहानपणीच संपर्क येतो आणि कोणाला कळतही नाही. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांत कुपोषित व अकाली जन्मलेली बालके तिला बळी पडली. हिच्या आजारात खोकला कोरडा असतो. छातीला नळी लावून काही विशेष ऐकू येईलच असे नाही. परंतु श्वास जलद होतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो.

यावर प्रतिबंधाचा उपाय आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर ह्यूज व सहकाऱ्यांनी जोखीम असलेल्या रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. को-ट्रायमॉक्साझोल हे स्वस्त औषध घेणाऱ्या ८० जणांपैकी एकालाही हा न्यूमोनिया झाला नाही. औषधाविना ठेवलेल्या ८० पैकी १७ जणांना झाला. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेली ही गोळी ‘आता मूल बरे दिसते’ म्हणून परस्पर बंद करू नये.

दुसरा शत्रू ॲस्परजिलस. या बुरशीचे बीजाणू ओलसर भिंती, बुरसटलेले धान्य आणि बांधकामाची धूळ यांतून हवेत पसरतात. निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो व पचवतो. उपचार घेणाऱ्या बालकाला मात्र धान्याच्या गोदामात नेऊ नये. दुकानाची वा घराची दुरुस्ती चालू असेल, तर त्याची राहण्याची सोय अन्यत्र करावी. जिवाणूंवरील नेहमीची प्रतिजैविके या बुरशीवर चालत नाहीत. त्यामुळे नेमके कारण शोधण्यासाठी सीटी स्कॅन किंवा फुप्फुसात दुर्बीण घालून तपासणी करावी लागते. क्षयरोग आणि सायटोमेगॅलो विषाणू यांचाही विचार डॉक्टर करतात.

पांढऱ्या पेशी कमी असल्याने कफ व खोकला अल्प असू शकतो. कधी ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला किंवा श्वास जलद वाटला, तर घरगुती उपायांत रात्र घालवू नये. त्याच क्षणी उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. अशा बालकाच्या बाबतीत काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.