खोल्या भाड्याने देताना



सायखेडा म्हणजे गोदाकाठचे बाजाराचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचे उपबाजार आवार इथेच. पंचक्रोशीत द्राक्षबागा. छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे येतात. शिवाय शिक्षक, नोकरदार, हमाल आहेतच. या सगळ्यांना डोक्यावर छप्पर लागते. म्हणून बऱ्याच घरांनी दोन-चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. कांद्याचा भाव पडला तरी भाडे दरमहा येते, हे खरे. पण पिकासारखेच याचेही आहे. देखभाल केली तर उत्पन्न, नाही तर डोकेदुखी.

आधी हिशेब

समजा तीन खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे महिना १,५०० रुपये आहे. बाराही महिने भरल्या तर ५४,००० रुपये होतील. पण हंगाम संपला की मजूर गावी जातात. म्हणून दहाच महिने धरा: ४५,००० रुपये. त्यातून ग्रामपंचायतीचा कर, पाण्याच्या मोटारीची वीज, रंगसफेदी आणि दुरुस्ती मिळून १०,००० वजा करा. हाती ३५,००० राहिले. आता याच खोल्या ४ लाख रुपये कर्ज काढून १० टक्के व्याजाने बांधल्या असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ४०,००० होते. म्हणजे भाडे घेऊनही पाच हजार पदरचे गेले! तेव्हा गावातले रिकामे जुने घर डागडुजी करून देणे परवडते; कर्जाने नवी चाळ बांधण्याआधी कागदावर आकडेमोड करा.

आणखी एक. भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. आयकरात ते घरापासूनचे उत्पन्न धरतात. आपण भरलेला घरकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट सूट मिळते. म्हणून कराच्या पावत्या जपून ठेवा.

खोली कशी असावी

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले, हे आपण पाहिले आहे. नदीकडच्या सखल जागेत बिऱ्हाड ठेवू नका. जोते उंच घ्या. विजेचे बोर्ड कमरेच्या वर बसवा. मोरी आणि संडासाची सोय असलीच पाहिजे. कांदाचाळीत किंवा खते-औषधांच्या खोलीला लागून माणसे ठेवू नका. तिथे फवारणीच्या औषधांचा वास आणि विषबाधेचा धोका असतो.

शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वीज देऊ नका. ज्या कामासाठी जोडणी घेतली त्याखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे वीज कायदा २००३ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि वाढीव आकारणी होते. घरगुती जोडणी घ्या. प्रत्येक खोलीला वेगळे पोटमीटर बसवले तर बिलाची भांडणे मिटतात.

गावठाणाबाहेर शेतजमिनीवर खोल्या बांधायच्या असतील तर अकृषिक वापराची चौकशी आधी तहसील कार्यालयात करा.

तोंडी व्यवहार नको

“ओळखीचा आहे, कागद कशाला?” असे आपण म्हणतो. पण अनामत किती दिली, भाडे कधी वाढवायचे, खोली कधी सोडायची, यावरूनच पुढे वाद होतात. तेव्हा कागद असेल त्याचे खरे ठरते.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा एक समज आहे. नोंदणी कायदा १९०८ मध्ये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून हा समज पसरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हा कायदा आपल्या गावाला लागू आहे की नाही या वादात न पडता करार नोंदवावा, हेच शहाणपणाचे. निफाडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा ऑनलाइन नोंदणी होते.

करारात भाडे, भाड्याची तारीख, अनामत, वीज-पाण्याचा खर्च आणि सोडण्याची पूर्वसूचना लिहा. पंखा, नळ, दिवे, किल्ल्या यांची यादी जोडून दोघांनी सह्या कराव्यात. भाडेकरूची माहिती सायखेडा पोलीस ठाण्यात द्या. भाड्याची पावती दर वेळी द्या आणि तिची प्रत ठेवा. फवारणीची वही ठेवता ना? तशीच खोल्यांची एक वही ठेवा.

भाडे थकले तर

पहिल्याच महिन्यात विचारा. मजुराची मजुरी अडकली असेल तर हप्ते बांधून द्या, पण वहीत लिहून सही घ्या. चार महिने गप्प बसून पाचव्या महिन्यात संतापू नका.

राग आला म्हणून वीज-पाणी तोडणे, कुलूप लावणे, सामान बाहेर फेकणे कधीही करू नका. कलम २९ प्रमाणे आवश्यक सोयी बंद करणे हा गुन्हा आहे. बाजू आपली असूनही आपणच आरोपी होतो. लेखी नोटीस द्या. करारात वेगळे ठरले नसेल तर महिनेवारी भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते. तरीही खोली सुटली नाही तर वकिलाचा सल्ला घेऊन दावा करा.

शेवटी एवढेच. जो आपल्या खोलीत राहतो, तोच उद्या आपल्या बागेत कात्री घेऊन उभा असतो. त्याला कोरडी खोली, स्वच्छ पाणी आणि भाड्याची पावती मिळाली, तर पुढच्या हंगामात तो आपल्याच दारी येतो. खोली रिकामी राहत नाही आणि बागेचे कामही अडत नाही.