पडायला शिकलेल्या

‘बेबी’ (2015) या चित्रपटात नेपाळमधल्या हॉटेलच्या एका खोलीत तापसी पन्नू एका धिप्पाड माणसाला लोळवते. हाणामारी जेमतेम काही मिनिटांची, पण प्रेक्षकांना ती इतकी भावली की त्या पात्रासाठी 2017 मध्ये ‘नाम शबाना’ हा वेगळा चित्रपट निघाला. त्यातली शबाना आधी प्रियकराच्या खुन्याचा हिशेब चुकता करते आणि मग गुप्तचर संस्थेच्या हुकमावरून माणूस टिपायला परदेशी जाते. तापसी त्यासाठी क्राव्ह मागा ही हाणामारीची पद्धत शिकली, फ्रान्सचा सिरिल राफाएली मारामाऱ्या बसवायला आला. अशा चित्रपटांच्या पडद्यामागच्या गोष्टी बहुधा इथेच संपतात. मला मात्र त्या इथून पुढे ऐकायच्या असतात. नायिकेचे कपडे घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून जी बाई जिन्यावरून गडगडते, तिच्याबद्दलच्या. धंद्यात तिला ‘डुप्लिकेट’ म्हणतात.

सुरुवात डुप्लिकेटशिवायच झाली होती. 1935 च्या ‘हंटरवाली’त मुखवटा घालून चाबूक चालवणारी नाडिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, आपल्या उड्या आपणच मारायची. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तर ती आगगाडीच्या टपावर लढली. पण नाडिया अपवादच. तिच्यानंतर कित्येक वर्षं नायिकेच्या वतीनं पडायचे ते पुरुष. डोक्यावर विग, अंगावर साडी किंवा घागरा, आणि कॅमेरा इतका लांब की दाढीची खूण दिसू नये.

ही चाल मोडली रेश्मा पठाण यांनी. चौदाव्या वर्षाच्या आसपास फाइट मास्टर अझीम यांनी त्यांना या कामात आणलं. घरून विरोध होता, पण घरात पैसाही नव्हता. ‘शोले’त (1975) रामनगरच्या खडकाळ माळावर बसंतीचा टांगा उधळतो, तिथे हेमा मालिनीच्या जागी अनेक ठिकाणी रेश्मा आहेत. टांगा उलटण्याच्या दृश्यात त्या जखमी झाल्या आणि तरी पुन्हा कामाला उभ्या राहिल्या. विशेष म्हणजे त्या चित्रपटाच्या साहसदृश्यांसाठी इंग्लंडहून जिम अ‍ॅलन, जेरी क्रॅम्प्टन अशी मंडळी आली होती, म्हणजे सुरक्षेचा विचार तेव्हाच्या मानानं बराच पुढचा होता. 2019 मध्ये आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकानं रेश्मांवर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट केला. तोपर्यंत चव्वेचाळीस वर्षं उलटली होती.

पडणं ही करामत कमी आणि गणित जास्त. दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून, माणूस सोडला तर दीड सेकंदाच्या आत तो जमिनीशी येतो, ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगानं. हा वेग फरशी काही सेंटिमीटरांत मारते, म्हणून हाडं मोडतात. तोच वेग एक मीटर अंतरात मारला तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या दहा-अकरा पट भार येतो, आणि नीट पाठीवर पडलेला माणूस तो सोसतो. हे एक मीटर मिळवायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली ती पुठ्ठ्याची रिकामी खोकी. थरावर थर रचायचे, भोवती दोर आवळायचा, वर गाद्या टाकायच्या. खोकी चुरगळतात, आतली हवा निघते, माणूस हळूहळू थांबतो. विमानाच्या तिकिटावर आणलेल्या तज्ज्ञाइतकंच काम किराणा दुकानातलं खोकं करतं.

बाईच्या बाबतीत एक अडचण जास्त. नायकाच्या जॅकेटखाली कोपर-गुडघ्यांच्या गाद्या लपतात. पडद्यावरची मारेकरीण असते बिनबाह्यांच्या कपड्यांत, पायात उंच टाचा. तिच्या डुप्लिकेटला गादी लावायला जागाच नसते. पुरुषापेक्षा कमी कपड्यांत तीच उडी मारायची, म्हणजे खरं तर काम अवघड तिचं.

हे काम पेलतील अशा मुली नाहीत असं नाही. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यानं धावणाऱ्या पोरी दिसतात. पोलीस भरतीची तयारी. आठशे मीटर, शंभर मीटर, चार किलोचा गोळा. कबड्डीच्या मातीत आपटून उठणं त्यांना नवं नसतं. पण स्टंटच्या कामाची जाहिरात निघत नाही. ओळख लागते, मुंबईत संघटनेचं कार्ड लागतं, आणि ‘तुझी पोरगी करते तरी काय?’ या प्रश्नाला घरच्यांकडे उत्तर लागतं. भरतीत निदान गुणांची यादी लागते. गीता टंडन, सनोबर पार्डीवाला या डुप्लिकेटांची नावं आज थोडीफार ऐकू येतात. त्यापलीकडे विचारलं तर बहुतेक प्रेक्षक गप्प होतील.

परदेशातही वेगळं नाही. ‘अ‍ॅटॉमिक ब्लाँड’मधली (2017) जिन्यावरची लांबलचक मारामारी एका दमात चित्रित झाल्यासारखी वाटते, पण ती अनेक तुकडे जोडून बनली आहे. कॅमेरा भिंतीवरून सरकला किंवा कुणी अंगावरून गेलं, की तिथे टाका. चार्लीझ थेरॉननं पुष्कळ काही स्वतः केलं, सरावात दातही मोडून घेतले. दिग्दर्शक डेव्हिड लीच आधी स्टंटमन होता, म्हणून टाका कुठे घालावा हे त्याला कळत होतं. ‘किल बिल’मध्ये उमा थर्मनच्या जागी झोई बेल पडली. पण त्याच चित्रपटात एक साधी गाडी चालवायला स्टंट ड्रायव्हर न घेता थर्मनलाच बसवलं. गाडी झाडावर आदळली, मान आणि गुडघे कायमचे दुखावले. तलवारबाजीत जपलेली नटी रस्त्यावर जायबंदी झाली, कारण ते दृश्य कुणाला ‘स्टंट’ वाटलंच नाही.

बक्षिसांचा कारभार उशिराचाच. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला जागा मिळाली ती 2016 च्या चित्रपटांपासून. पहिला मान ‘पुलिमुरुगन’साठी पीटर हेन यांना. ऑस्करनं स्टंटसाठी पुरस्कार ठरवला तो 2027 च्या चित्रपटांपासून. दोन्ही पुरस्कार मारामारी रचणाऱ्यासाठी आहेत.