नातवंडांची मालवणी

मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारावरचे भारतीय मजूर १८३४ पासून उतरू लागले. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं गेली. त्यातली बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून गेलेली त्यामानाने थोडी, पण त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी बरेच होते. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता.

या माणसांच्या वंशजांनी काय काय जपलं, हे पाहून मन भरून येतं. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं अजून नाचली जाते. सरकारी प्राथमिक शाळेत मूल मराठी हा विषय घेऊ शकतं आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती पुढे शिकता येते. घरात मात्र क्रेओल. मळ्यावर वेगवेगळ्या प्रांतांची माणसं एकत्र राबत होती, पोरं एकत्र खेळत होती, शाळा इंग्रजी-फ्रेंचची होती. खेळाची आणि कामाची भाषा हळूहळू चुलीपर्यंत आली. आरत्या आणि गाणी मराठीत टिकली, भांडणं आणि लाड क्रेओलमध्ये गेले.

शाळा, सुट्टी, राजमान्यता असं सगळं मिळूनही हे घडलं, याचा विचार आज परदेशी मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक मराठी घराने करायला हवा.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. त्याच्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडलेला आहे. शनिवार-रविवारची हक्काची सुट्टी सोडून हे वर्ग चालवणारे आई-बाप खरोखर मोठं काम करत आहेत. पण तिथं शिकवली जाते ती प्रमाण मराठी. देवबाग किंवा आचऱ्याला घर असलेलं मूल ती शिकून गावी येतं, आजी मालवणीत विचारते, ‘खंय जातंस? जेवलंस काय?’ आणि मूल आईच्या तोंडाकडे बघतं. मग आजीच आपली बोली बदलते. नातवाशी अवघडत, शोधून शोधून ‘शुद्ध’ बोलू लागते. खरं नुकसान इथं होतं.

त्याची सुरुवात परदेशात झालेली नाही. ती मुंबईत झाली. गावची माणसं तिकडे जात राहिली; सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. गिरणगावात गेलेल्या पिढ्यांनी मालवणी घरात ठेवली. पुढे ‘पोरांका शाळेत हसतत’ या धास्तीने तीही आवरली. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांत नेलं आणि मालवणीला व्यावसायिक रंगमंचावर मान मिळाला. तरी नाटकाला दाद देणाऱ्या किती घरांनी मुलांशी मालवणीत बोलायला सुरुवात केली, हा प्रश्न उरतोच.

न्यूझीलंडच्या माओरींनी यावर १९८२ मध्ये एक उपाय काढला, ‘कोहांगा रेओ’. शाळेत जाण्याच्या वयाआधीची मुलं माओरी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहवासात ठेवायची आणि तिथं माओरीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. पाठांतर नाही, परीक्षा नाही. जेवण, झोप, खेळ, रागावणं, सगळं त्याच भाषेत. मधल्या पिढीकडून सुटलेली भाषा आजी-आजोबांकडून थेट नातवंडांकडे गेली.

मालवणच्या किनाऱ्याला यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. मे महिना आहे, चतुर्थी आहे, रात्रभर चालणारं भजन आहे. आंगणेवाडीची जत्रा आहे. दशावतार आहे, जिथं नटाच्या हातात संहिता नसते आणि संवाद तिथल्या तिथं घडतात. भाषा जिवंत कशी असते हे मुलाला दाखवायला याहून चांगली जागा नाही. हे सगळं ऐकताना मुलाला पहिले काही दिवस अर्धंच कळेल. कळू दे अर्धंच. मूल कुठलीही भाषा अशीच शिकतं, अर्ध्यातून.

परदेशातल्या आई-बापांनी रविवारचा वर्ग जरूर चालू ठेवावा, लिपी तिथंच येईल. पण आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर आजीला ‘मराठीत बोल’ असं सांगू नये. आणि गावच्या आजी-आजोबांना कळकळीची विनंती: नातू इंग्रजीत उत्तर देऊ दे, तुम्ही मालवणी सोडू नका.