तापीकाठ आणि हातातला डिजिटल संच : एक मागोवा

शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे गाव दत्तजयंतीच्या यात्रेसाठी आणि तीत भरणाऱ्या घोडेबाजारासाठी दूरवर ख्यात आहे. परंतु ज्याला हौशी रेडिओचा छंद आहे त्याच्या मनात, नदीकाठची सपाट जमीन आणि उत्तरेकडील सातपुड्याची रांग पाहताच, हातातल्या पाच वॅटच्या संचाची लहर येथून कोठवर पोहोचेल हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारी साधने गेल्या तीन दशकांत कशी पालटली, हे पाहण्याजोगे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविण्याची जी सेवा रुजू केली, तिला डिजिटल ध्वनीचा स्पर्शही नव्हता. पुढे जपानच्या हौशी संघाने आवाज अंकांत बदलून धाडणारी डी-स्टार पद्धती सिद्ध केली, २००५ साली युरोपातील मानकसंस्थेने व्यावसायिक उपयोगासाठी डीएमआरचे मानक प्रसिद्ध केले, २०१३ च्या सुमारास याएसू कंपनीने फ्यूजन आणली. आणि या तिन्ही पद्धतींना परस्परांचा डिजिटल ध्वनी उमगत नसल्यामुळे, संच घेणे म्हणजे एखाद्या पंथाची दीक्षा घेण्यासारखे होऊन बसले.

२०१५ च्या सुमारास चिनी कारखान्यांचे स्वस्त संच बाजारात उतरले आणि मध्यम ऐपतीच्या माणसाला डीएमआर आवाक्यात आली. साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर, तीस-तीस मिलिसेकंदांच्या पाळीने, रिपीटरमार्गे, म्हणजे ऐकलेली लहर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रामार्गे, दोन स्वतंत्र संभाषणे चालावीत आणि प्रक्षेपक निम्माच वेळ चालू राहत असल्याने बॅटरीही अधिक टिकावी, ही तिची रचना खरोखर प्रशंसनीय आहे. मात्र सात अंकी ओळखक्रमांक, रिपीटर ओळखणारा कलर कोड, पाळी ठरविणारा टाइम स्लॉट, बोलणाऱ्यांचा गट ठरविणारा टॉकग्रुप हे सारे संगणकावर ‘कोडप्लग’ म्हणून बांधून संचात उतरविल्यावाचून तो बोलू लागत नाही, आणि नवख्याचा उत्साह बहुधा येथेच खचतो.

माझ्या मते निवडीचे खरे मर्म याहून निराळे आहे. लहर क्षीण होऊ लागली की एफएमचा आवाज हळूहळू खरखरीत बुडत जातो आणि सरावलेला कान त्यातूनही शब्द वेचतो. डिजिटल आवाज मात्र शेवटपर्यंत बराचसा स्वच्छ राहून एकाएकी तुटतो. जेथे जवळपास डिजिटल रिपीटर नाही, तेथे त्या पद्धतीचे निम्मे वैभव पेटीतच राहते. उलट, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी रिपीटर २०२० पासून १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकून ४३७.८०० वर बोलतो, तोही साध्या एफएममध्ये. आणि हे दोन्ही आकडे आपल्याकडे हौशी चालकांना मोकळ्या असलेल्या १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ या पट्ट्यांत बसतात. स्थानक माथ्यावरून जात असता तापीकाठच्या उघड्या रानात उभ्या राहणाऱ्याला डोंगराची अडचण उरत नाही.

म्हणून सारंगखेड्यासारख्या गावच्या होतकरू चालकास माझे सांगणे असे की, दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, उत्तम एफएम असलेला आणि डीएमआर जोडीला देणारा, कळफलकावरूनच वाहिनी भरता येणारा व बॅटरी बदलता येणारा संच घ्यावा. केवळ डिजिटलच्या मोहाने एकाच पट्ट्याचा संच घेऊ नये. आणि त्याआधी केंद्र सरकारच्या संचार खात्याची परीक्षा देऊन परवाना हाती घ्यावा, कारण परवान्यावाचून असा संच बाळगणे कायद्यास मंजूर नाही.