सुई वर चढते तेव्हा

पेट्रोलची गाडी पाणी खायला लागली की गोवंडीतला कुठलाही मिस्त्री आधी सायलेन्सरकडे बघतो. पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलीय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. विजेच्या गाडीत कूलंट जाळायला इंजिनच नाही. तरीही टाकीतली पातळी उतरत राहते, खालची फरशी कोरडी असते आणि चालक दर आठवड्याला वरून थोडं ओतून कामाला लागतो. या ओतण्याचीच मला काळजी वाटते.

विजेच्या टॅक्सी गल्लीत कोण दुरुस्त करतं ते बघून या, म्हणून संपादकांनी पाठवलं होतं. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरून बैंगनवाडीकडे आत वळल्यावर एका गॅरेजात मी थांबलो तो एका हातपंपापाशी. पंपाला घड्याळासारखं गेज, पुढे नळी आणि टाकीच्या तोंडावर बसणारं झाकण. चालक ज्यांना उस्ताद म्हणतात ते मिस्त्री एक बार दाब भरतात आणि सुईसमोर स्टूल टाकून बसतात. त्या वेळात ते कुणाशी बोलत नाहीत.

२०१० साली आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला कूलंट नव्हतंच, ती हवेवर थंड होई. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली ती कूलंट खेळवलेली बॅटरी घेऊन. मुंबईच्या उन्हात दिवसभर धावून वर फास्ट चार्जिंग करायचं तर तसंच हवं. पण तीनशे व्होल्टच्या पेट्यांशेजारून पाणी फिरवायचं म्हणजे ते नेमकं कुठे आहे हे सतत ठाऊक हवं. मे २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट गाडीची धडक-चाचणी झाली. बॅटरीला मार बसून कूलंट आत झिरपलं. गाडी आवारात नुसती उभी होती आणि तीन आठवड्यांनी पेटली. पुढच्या जानेवारीत कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला, शिवाय कूलंटची पातळी सांगणारा सेन्सरही बसवायचं ठरवलं.

उस्तादांची पहिली अट असते, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आणायची. साताआठ लिटर कूलंट तीस अंशांनी तापलं तर शंभर-दीडशे मिलिलिटर सहज फुगतं. संध्याकाळी गरम गाडीत बघितलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून निम्मे चालक उगाच घाबरतात, नाहीतर उगाच निर्धास्त होतात. पंप किंवा होज बदलल्यावर आत हवा अडकली असेल, तर ती निघेपर्यंतही पातळी उतरते. हे दोन्ही वजा केल्यावर खरा शोध सुरू होतो. खालचं कव्हर काढायचं, क्लिपा बोटांनी चाचपायच्या, रेडिएटरच्या कडा बघायच्या. ग्लायकॉल वाळलं तरी चिकट डाग मागे ठेवतं. तेही नाही दिसलं, तर कूलंटमध्ये रंग घालून अंधारात निळा दिवा मारायचा.

मी बसलो होतो तेव्हा आलेल्या गाडीच्या दोन तक्रारी होत्या. पातळी उतरते, आणि एसी पूर्वीसारखा गार करत नाही. चालकाच्या लेखी दोन्ही वेगळ्या. उस्तादांनी दाब भरला. सुई पडायला हवी होती, निदान स्थिर तरी राहायला हवी होती. ती हळूहळू वर चढू लागली.

हा मला या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. बॅटरी गार करायला एसीचाच गॅस वापरतात. चिलर नावाच्या लहानशा ठोकळ्यात एका पत्र्याच्या अलीकडे गॅस, पलीकडे कूलंट. तीस अंशांवर बंद एसीतही गॅसचा दाब सहा बारच्या वर असतो, कूलंटचा जेमतेम एक. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं, की गॅस कूलंटमध्ये घुसतो, टाकीत बुडबुडे येतात आणि कूलंट झाकणातून ढकललं जातं. उस्तादांनी टाकीच्या तोंडाशी गॅस हुंगणारं यंत्र धरलं. ते ओरडायला लागलं. दोन तक्रारींचा बिघाड एकच निघाला.

हे गल्लीत सापडतं आणि गल्लीत दुरुस्तही होऊ शकतं. सुई खाली येते, पण बाहेर कुठे थेंब नाही आणि टाकीत बुडबुडाही नाही, तेव्हा मात्र संशय बॅटरीच्या पेटीवर जातो. आयपी६७ दर्जाची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जाऊ देत नाही. पावसाळ्यात तुंबणाऱ्या आपल्या रस्त्यांवर हे वरदानच आहे. पण आतली गार करणारी पट्टी गळाली, तर तेच सील कूलंटला आत कोंडून ठेवतं. मग हातातली एकच खूण म्हणजे इन्सुलेशनचा रोध. नियमानुसार तो डीसी बाजूला व्होल्टमागे किमान १०० ओहम हवा, म्हणजे ३२० व्होल्टला ३२ हजार ओहम. निरोगी गाडीत तो याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे किमान आकड्याची वाट बघायची नसते, तो कसा घसरतोय ते बघायचं असतं. तो आकडा वाचायला त्या त्या कंपनीचा स्कॅनर लागतो आणि उस्तादांकडचा स्वस्तातला स्कॅनर काही गाड्यांमध्ये तो दाखवतच नाही.

पेटी उघडणं तर दूरच. त्यासाठी हजार व्होल्टचे हातमोजे हवेत, सर्व्हिस प्लग ओढल्यावर कपॅसिटर उतरेपर्यंत थांबायला हवं, आणि उघडली की आठ वर्षांची वॉरंटी गेली. चालकाने गाडी अधिकृत केंद्रात न्यावी हेच योग्य, आणि उस्ताद तसं स्पष्ट सांगतात. पण गाडी तिथे रांगेत उभी राहिली की रोजची कमाई थांबते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून चालक पुन्हा वरून ओततो. कधी चुकीचं कूलंट, कधी सरळ नळाचं पाणी. काही गाड्यांना मुद्दाम कमी वीजवाहक कूलंट दिलेलं असतं, आत गळालं तरी शॉर्ट होऊ नये म्हणून. नळाच्या पाण्यातले क्षार ते संरक्षण घालवतात.

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळायला हवीत असा आदेश दिला. उस्तादांची मागणी त्या मानाने लहान आहे. प्रत्येक मॉडेलचं कूलंट कुठून कुठे जातं, किती मावतं आणि किती दाबावर तपासायचं, याचा एक कागद. तो मिळेपर्यंत ते स्वतःच्या वहीत मार्ग काढून ठेवतात, आणि केंद्रात जाणाऱ्या गाडीबरोबर एक चिठ्ठी देतात. सकाळची पातळी, भरलेला दाब, किती मिनिटांत सुई किती उतरली. केंद्रातल्या माणसाने ती वाचावी, एवढंच चालकाने बघायचं असतं.